हलिमाबी वगळून

३० नोव्हेंबर २०२५

चि. माणिक,

आशीर्वाद. मी तुझ्याहून मोठी आहे म्हणून द्यावे लागतात. तुझ्या लायकीचा प्रश्न नाही.

दोन वर्षांपूर्वी तू मला फोनवर ब्लॉक केलंस. टपाल खात्याने अजून तशी सोय काढलेली नाही. तिकिटं किती लागतात ते विचारायला परवा कामरगावच्या पोस्टात गेले, तर खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "सरिताताई, भाऊ तिकडं हॉलंडले कायले गेले होते?"

"पोट भरायला."

"मंग भरलं का?"

"भरलं. आता तो तिकडच्या लोकांना सांगतो, पोट भरायला येणाऱ्यांना आत घेऊ नका."

बाई हसल्या. त्यांना वाटलं मी गंमत करते. माझं आयुष्यभर हेच होत आलं आहे.

तू कोणाला मत दिलंस ते तुझ्या बायकोच्या फेसबुकवरून कळलं. पलंगावर अंथरावी एवढी मतपत्रिका, हातात लाल पेन्सिल, चेहऱ्यावर दहावी पास झाल्यासारखा आनंद. खाली तूच लिहिलंस, ‘देश वाचवणाऱ्यांना.’ कोणता देश, माणिक? एक तू सोडलास आणि दुसरा तुला अजून विचारतो, मूळचे कुठले?

असो. बसथांब्यावरचं माझं झेरॉक्सचं दुकान चालू आहे, साप्ताहिकातलं सदरही चालू आहे. दोन्हीकडे काम एकच, लोकांनी केलेल्याची प्रत काढून देणं. तू पाठवलेल्या ‘देश धोक्यात’वाल्या व्हिडिओवर मी सदर लिहिलं, ‘परदेशस्थ देशभक्त’ म्हणून तुझी टर उडवली, गाव आठवडाभर हसलं आणि तू मला ब्लॉक केलंस, हे मला आठवतं. पण मी माफी मागायला लिहीत नाही. काम आहे.

गावची बातमी तुला माझ्याआधी पोचली असेल. रविकांतचं पॅनेल निवडून आलं. आपल्या चुलतभावाचा हा मुलगा चौतिसाव्या वर्षी उपसरपंच झाला. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, त्यामुळे कागदोपत्री कपबशी जिंकली. कपबशी घेऊन फिरणाऱ्या पोरांच्या गळ्यात कोणते गमछे होते ते मात्र सगळ्यांनी पाहिलं. सभेत नळ, रस्ता आणि शाळा यांना एकेक वाक्य मिळालं, आणि ‘ते लोक’ या विषयाला पाऊण तास. ‘त्या लोकां’चं आपल्या गावात एकही घर नाही, तुला माहीत आहे. कामरगावहून येतात, विकतात, शेवटच्या जीपने परत जातात.

आता २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव येणार आहे की माघी पौर्णिमेच्या जत्रेत ‘त्या लोकां’ची दुकानं लागू द्यायची नाहीत. म्हणजे प्रत्यक्षात कोण? एक अत्तरवाला, एक सुऱ्यांना धार लावणारा, एजाजचं खेळण्यांचं दुकान, आणि त्याच्या शेजारी देवळाच्या पायरीशी बसणारी त्याची भावजय. हलिमाबी मन्यारीण. तिच्या आधी तिची सासू तिथेच बसायची. तुझ्या लग्नात तुझ्या बायकोचा पंजा रुंद निघाला, चुडा चढेना, सगळ्या बाया सल्ले देत होत्या, तेव्हा हलिमाने सगळ्यांना हाकललं आणि साबण लावून एकही बांगडी न फोडता हात भरला. ती हलिमा.

मी तिला विचारलं, जत्रा गेली तर किती फरक पडेल? म्हणाली, "जत्रा गेली तं मंगळवारचा फेरा जाईन. मंगळवार गेला तं धनजचा फेरा जाईन. एक गाव नाई म्हणते तं बाकीच्यायले आयतं भेटते, ताई."

रविकांत माझं ऐकत नाही. तुझं ऐकतो. देवळाची कमान तुझ्या पैशांची, जत्रेच्या भोंग्यांचं भाडं तुझं, कमानीवर नाव तुझं. तू त्याला एक फोन कर. एवढंच काम. हलिमा आपली आहे, हे तू सांगितलंस तर पटेल.

तुझी बहीण (अजून),
सरिता


२१ डिसेंबर २०२५

माणिक,

तुझं उत्तर दुकानाच्या ईमेलवर आलं. अडीच ओळी. ‘ताई, लोक आम्हाला मत का देतात हे तुझ्यासारख्यांना कळत नाही, म्हणून तुम्ही हरता. आधी ते शोध. मग फोनचं बघू.’

‘आम्हाला.’ इथे तुझं मत नाही, रेशनकार्डावर नाव नाही, पासपोर्टही तू परत केलास, तरी आम्हाला!

पण डिवचल्यावर मी बसणारी नाही. शोधलं. टीव्हीवरचे शहाणे कारण सांगतात, गरिबी. तांड्यावरच्या रूपलाहून गरीब आपल्या गावात कोणी नाही. तो मतदानाच्या दिवशी सांगलीकडे ऊस तोडत होता. त्याने कोणालाच मत दिलं नाही. आणि गळ्यात पहिला गमछा घातला तो निवृत्त गुरुजींनी, ज्यांचं घर दुमजली, पेन्शन चालू, आणि दोन्ही मुलं नोकरीला. त्यांना विचारलं, गुरुजी, तुम्हाला काय कमी आहे? म्हणाले, "कमी नाही, म्हणूनच भीती वाटते." कोणाची? तर म्हणाले, वाचा जरा. काय वाचू, तर मोबाईल पुढे केला.

मग धुरपताबाईंकडे गेले. आपल्या मागच्या दाराच्या शेजारीण, तुला त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलं आहे. ओट्यावर तूर निवडत होत्या.

"काकू, तुम्ही कपबशीला मत दिलं?"

"देल्लं तं. चोरी हाय का?"

"का दिलं ते सांगा."

"माह्या नळाले वीस दिवस पाणी नोतं. जुन्या सरपंचाच्या घरी गेली तं थो म्हणे अर्ज द्या. मले लिवता येते का? मंग रवीच्या पोट्ट्यायनं टँकर आणला. माह्या दारात उभा केला. फोटो काढला माह्यासंगं."

"फोटोसाठीच आणला असेल."

"असू दे. पाणी तं माह्या घरात आलं ना? तुमचा थो भाईचाऱ्याचं भाषण करणारा सरपंच तं जीपची काच बी खाली करत नोता."

मी लगेच दुसरा प्रश्न विचारला. "मग जत्रेत त्या लोकांना बंदी का?"

"मंग काय! लय झाले थे."

"हलिमाने तुमचं काय केलं?"

"हलिमा कायले काई करंन? हलिमा माह्या पोरीवानी हाय."

"एजाज?"

"थो तं गरीब हाय बिचारा."

"मग अत्तरवाला?"

"त्याले मी वळखतच नाई."

"मग कोण हो काकू? लय झाले ते कोण?"

तूर निवडायची थांबली. त्यांनी खरंच विचार केला, माणिक. मनापासून आठवून पाहिलं. मग म्हणाल्या, "थे दुसरे. टीव्हीतले."

मी घरी आले आणि भिंतीवर डोकं आपटावं असं वाटलं. ज्यांना बाई ओळखते त्यांच्यावर तिचा राग नाही, ज्यांच्यावर राग आहे त्यांना तिने पाहिलेलं नाही, आणि ठराव मात्र ओळखीच्यांवर.

शेवटी रविकांत. तो स्वतःच आला, ठरावाच्या मसुद्याच्या प्रती काढायला. पन्नास प्रती, दोन्ही बाजूंनी.

"आत्या, लिहा माह्यावर लेख. फोटो बरा टाकजा फक्त."

"रवी, मशीन बंद करून विचारते. तुझं त्या लोकांनी काय बिघडवलं?"

"मले कोणीच काही नाई केलं. थेच तं."

"म्हणजे?"

"बी.ए. होऊन किती वर्षं झाले, तुमी मोजा. पोरी पाहून पाहून आईच्या चपला झिजल्या. शेतकऱ्याले कोणी देत नाई अन् नोकरी मले कोणी देत नाई. जुन्या पॅनेलमंधी मी खुर्च्या लावत होतो. सभा संपली का उचलत होतो. तुमच्या लेखात दोन खेपा आलो, दोन्ही खेपा लोकं हासले. अन् हे लोकं आले तं पैल्याच दिवशी म्हणते, रविकांतभाऊ, तुमच्या गावात काय झालं पाह्यजे? मले इचारलं, आत्या. खुर्ची देऊन इचारलं."

"आणि तू काय सांगितलंस?"

"मी म्हणलं, गावाले कमान पाह्यजे, व्यायामशाळा पाह्यजे, गोडाऊन पाह्यजे."

"मग हा ठराव कुठून आला?"

तो हसला. "थो त्यायनं सांगतला."

पन्नास प्रती घेऊन गेला. पैसे देऊन गेला, हे त्याच्या बाजूने नमूद करते.

तर शोध लागला, माणिक. आता फोन करशील?

सरिता


१० जानेवारी २०२६

माणिक,

यावेळी ईमेल दोन पानांची. दोन वर्षांत तू माझ्याशी इतका कधी बोलला नाहीस. रात्री वाचली, सकाळी पुन्हा वाचली. तुला माझ्या जिभेची भीती वाटत होती हे दिसलं. जागोजागी ‘हसू नकोस’ लिहिलंस. हसले नाही. चिडले.

तू लिहिलंस की तुझ्या शहरात लोक घरासाठी वर्षानुवर्षं थांबतात आणि नव्याने आलेल्यांना आधी मिळतं ‘असं म्हणतात’. म्हणतात! धुरपताबाईही हेच म्हणतात, फक्त त्यांची भाषा वऱ्हाडी आहे. लिहिलंस की तू कर भरतोस, रांग मोडत नाहीस, त्यांची भाषा शिकलास, घशातून खाकरल्यासारखं ते अक्षरसुद्धा. आणि मग ते लिहिलंस जे मी तीनदा वाचलं. शाळेच्या मैदानावर तुझ्या पोरीला एक मुलगा म्हणाला, तुझ्या देशात परत जा. ती रडत घरी आली. तिने जन्मापासून दुसरा देश पाहिलेला नाही. तू एकटाच सुट्टीला येतोस, म्हणून आपल्या गावाला ती ‘पप्पांची सुट्टी’ म्हणते.

आणि त्याच्या पुढल्याच महिन्यात तू त्यांनाच मत दिलंस जे परत जा म्हणतात.

‘म्हणजे त्यांना कळेल आम्ही कोणत्या बाजूचे आहोत,’ असं तू लिहिलंस. प्रचाराला दारावर आलेला माणूस तुझं तोंड पाहून आधी चपापला, मग म्हणाला, आमचा राग तुमच्यावर नाही, तुम्ही काम करता. आणि तुला बरं वाटलं. एकोणीस वर्षांत कोणत्याच पक्षाचा माणूस तुझ्या दारात इतका वेळ थांबला नव्हता.

अरे वेड्या, तू आणि रविकांत एकच पत्र दोन भाषांत लिहिताय!

मी या विषयावर आयुष्यभर विनोद केले आणि आता मला कारण सांगता येत नाही, याची चीड येते. मला वाटायचं, जिथे प्रत्येकाला दवाखाना आहे, पेन्शन आहे, बस वेळेवर येते, तिथे माणूस असलं मत देणार नाही. कशाला देईल, पोट भरलेलं आहे. आणि आपल्याकडे वाटायचं, जिथे प्रत्येकाचा हात दुसऱ्याच्या लग्नात आणि पेरणीत आहे, तिथेही देणार नाही. कसं देईल, रोज तोंड पाहायचं आहे. दोन्हीकडे माझा अंदाज चुकला. तुमच्याकडे इतके पक्ष की सरकार जुळवायला महिने लागतात, वाटाघाटी, समित्या, कॉफी. आमच्याकडे नवात पाच आले की संध्याकाळी गुलाल. तुमच्या लोकशाहीची टोकं घासून घासून बोथट केलेली आहेत, आमची अंगावर पडते. तरी आत, पडद्यामागे, माणूस एकटा उभा राहतो आणि त्याला वाटतं की या एका खुणेने आपण ‘बाकीच्यां’तून निघून ‘आपल्यां’त बसू.

आणि गंमत सांगू? तुमचा तो पक्ष आणि रविकांतचे वरचे लोक कधी एका खोलीत आले, तर पहिल्या पाच मिनिटांत एकमेकांना हाकलून देतील. पण तोवर त्यांची भाषणं मी अदलाबदल करून दिली तर कोणाच्या लक्षात येणार नाही. फक्त देवांची नावं बदलावी लागतील.

हे सगळं सदरात लिहिता येईल. संपादक खूश होतील, वाचणारे तेच तिघे म्हणतील, वा ताई. मग? रवी पुन्हा एकदा हसण्यावारी जाईल आणि पुढच्या खेपेला आणखी दहा पोरं त्याच्या मागे उभी राहतील. म्हणून लिहिलं नाही. तुला लिहिते आहे.

पोरीला मैदानावर जे झालं, त्याचं मला वाईट वाटलं. हे खरं आहे, यात चिमटा नाही.

सोळा दिवस उरलेत. फोन.

सरिता


२७ जानेवारी २०२६

माणिक,

फोन केलास. धन्यवाद.

काय झालं ते तुला रविकांतने सांगितलं असेलच, पण तू स्पीकरवर होतास. तुला फक्त टाळ्या ऐकू आल्या. मी समोर होते, म्हणून लिहिते.

झेंडावंदन झालं, पोरांनी गाणी म्हटली, बुंदी वाटली, आणि मारुतीच्या पारासमोर सभा सुरू झाली. आदल्या दिवशी बायकांची वेगळी सभा झाली होती. तिथे सगळ्या जणी म्हणाल्या, हलिमाला काढू नका, नाहीतर हात भरायला कारंज्याला जावं लागेल. ठीक आहे म्हटलं, कारण कसंही असो. ग्रामसेवक घामाघूम. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "ताई, जातीधर्माचं नाव घालून ठराव लिहिला तं मी सस्पेंड होतो." म्हणून त्याने लिहिलं, ‘गावाबाहेरील व्यापाऱ्यांना जत्रेत दुकान लावण्यास मनाई’. मी उभी राहिले आणि विचारलं, मिठाईवाला कारंज्याचा, पाळणेवाला अकोल्याचा, भोंगेवाला मंगरूळपीरचा, यांचं काय? गुरुजी म्हणाले, "ते बाहेरचे असले तरी ओळखीचे आहेत."

आणि तेवढ्यात तुझा फोन. रविकांतने तो माइकला लावला. "हॉलंडवरून माणिककाका बोलून राह्यले!" तुझा आवाज भोंग्यातून पार शाळेपर्यंत गेला. आधी प्रजासत्ताक दिनाच्या शुभेच्छा. मग म्हणालास, "हलिमाबी आपली आहे. माझ्या लग्नात तिने चुडा भरला. तिला वगळून बाकी काय ठरवायचं ते तुम्ही ठरवा."

काय टाळ्या पडल्या! इतक्या टाळ्या झेंड्याला पडल्या नव्हत्या. धुरपताबाईंनी पदर डोळ्याला लावला. रविकांतचा चेहरा पाहायला हवा होतास. त्यालाही सुटल्यासारखं वाटलं, मी सांगते. तो दुष्ट नाही. दुष्ट असता तर माझं काम सोपं होतं. आदल्या दिवशी नको म्हणणाऱ्या सगळ्या बायांचे हात वर गेले, बांगड्यांसकट. कोणी नवऱ्याच्या धाकाने केला म्हणावं तर तसंही नाही. आनंदाने केला. ग्रामसेवकाने लिहिलं, ‘श्रीमती हलिमाबी उस्मान यांना वगळून’. ठराव मंजूर. एजाज, अत्तरवाला, धारवाला बाहेर.

मी पुन्हा उभी राहिले. म्हटलं, "आणि एजाजने काय केलं?"

रविकांतने माइकवरूनच उत्तर दिलं, अगदी प्रेमाने. "आत्या, तुमचंच तं काम केलं ना! आता काय राह्यलं?"

लोक हसले. यावेळी माझ्यावर. मी खाली बसले, कारण तो खरं बोलत होता. ‘हलिमा आपली आहे’ हे मीच तुला लिहून दिलं होतं. एजाजचं नाव त्याच पत्रात वरच्या ओळीत होतं. तू ते वाचलंस, आणि मीही त्याच्यासाठी काही मागितलं नव्हतं.

आज सकाळी रवी दुकानात आला. हलिमाच्या आधार कार्डावरचा फोटो, खाली ‘विशेष परवानगी’, ग्रामपंचायतीचा गोल शिक्का. "आत्या, लॅमिनेट करून द्या. अन् गळ्यात घालायले दोरी बी. कोणी पोट्ट्यायनं तिले अडवाले नाई पाह्यजे." काळजीने बोलत होता रे! मी मशीन तापवलं आणि करून दिलं. नाही म्हटलं असतं तर कारंज्यात झालं असतं.

आता हे कार्ड घेऊन कामरगावला निघाले आहे. ती नाही म्हणेल अशी माझी खात्री आहे.

सरिता


३ फेब्रुवारी २०२६

माणिक,

ती नाही म्हणाली नाही.

त्या दिवशी तिच्या ओट्यावर मी बरंच बोलले. हे कार्ड घेऊ नकोस, तोंडावर फेक, एजाजला बंदी तर मीही नाही असं सांग. तिचा नवरा उस्मान आत बांगड्यांच्या पेट्यांत गवत भरत होता. हलिमाने माझं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, मी नाई आली तं तुमचा लेख होते. माह्या घरात काय होते? एजाजची जत्रा गेली, आता माही बी घालवू? दोघाचा माल एका टेम्पोत येत होता, आता टेम्पो अर्धा रिकामा येईन. भाडं तं तेवढंच." कार्ड पाहिलं. फोटो स्वतःचा आहे का ते नीट पाहिलं. गळ्यात घातलं.

मी परत येताना जीपमध्ये तिच्यावर चिडले, मग स्वतःवर चिडले. मला तिच्याकडून एक जोरदार नकार हवा होता, लिहायला.

परवा जत्रा भरली. पायरीशी हलिमा, शेजारची एजाजची जागा मोकळी. तिथे पोरांनी मोटरसायकली लावल्या. मला वाटलं होतं गाव अडेल. लेकरं पिपाण्यांसाठी रडतील, बाया विचारतील, खेळणीवाला कुठे? कोणी विचारलं नाही. अकोल्याच्या पाळणेवाल्याने स्वतःच पिपाण्या आणल्या होत्या. हे मी तुझ्या माहितीसाठी मुद्दाम लिहिते: गाव अडत नाही. काहीच अडत नाही.

हलिमाकडे मात्र एवढी गर्दी मी कधी पाहिली नव्हती. प्रत्येक बाई आली. ज्यांचे हात भरलेले होते त्याही आल्या. आपल्याकडची रीत तुला आठवत असेल, हात भरून झाला की भरणारीच्या पाया पडायचं, मग ती कोणी असो. सगळ्या पडत होत्या, आणि उठताना प्रत्येक बाई काहीतरी बोलत होती. मी देवळाच्या कट्ट्यावर बसून ऐकत होते.

रविकांतची आई पाया पडून म्हणाली, "हलिमा, तू आमची हायेस वं. तुले कोणी काई म्हणलं तं माह्या रवीले सांग."

गुरुजींची सून म्हणाली, "तुम्ही त्यांच्यासारख्या नाही, मावशी. आम्ही घरी बोललोच."

धुरपताबाईंनी तर तिचा हात धरला. "तू चांगली हायेस माय. म्हणून तं तुले ठिवलं."

आधी हलिमा दर वेळी म्हणत होती, "जीती रहो, खुश रहो." दुपारपर्यंत नुसती मान हलवायला लागली. तीनच्या सुमाराला तिने पाय साडीखाली ओढून घेतले आणि पुढच्या बाईला म्हणाली, "पाया नका पडू. पाय दुखून राह्यले." मग पेट्या बांधायला घेतल्या. माल निम्माही खपला नव्हता, आणि समोर रांग उभी. रविकांत धावत आला, "काय झालं, काकी? कोणी काही बोललं का? नाव सांगा, आत्ता पाहतो!"

"कोणी वाईट नाई बोललं, बेटा."

"मंग काहून चालल्या?"

तिने गळ्यातलं कार्ड काढून त्याच्या हातात दिलं, दोरी नीट गुंडाळून. तो तसाच उभा राहिला, खरोखर न समजून.

मी तिच्यासोबत थांब्यापर्यंत गेले, एक पेटी माझ्याकडे. टेम्पोवाल्याला संध्याकाळचं सांगितलं होतं, तो कुठून येणार? जीपची वाट पाहत बसलो. तिने पेटीची दोरी पुन्हा आवळली. मग म्हणाली, "सरिताताई, सकाळपासून सगळ्या बाया मले सांगून राह्यल्या का मी चांगली हाय. माही सासू चाळीस वर्षं बसली त्या पायरीवर, मी बसली इतके वर्षं. आजपावतो कोणी नोतं सांगतलं."

मी म्हटलं, "मनापासून सांगत होत्या गं त्या."

"हो ना. मनापासूनच. पयले भाव करत होत्या, भांडत होत्या, म्हणे हलिमा तू चोर हायेस, चार बांगड्या वरून दे. आज कोणीच भाव नाई केला." आणि मग थोड्या वेळाने, "मी चांगली हाय का नाई, हा सवालच नोता ना ताई आधी."

जीप आली. टपावर पेट्या चढवल्या. मी विचारलं, मंगळवारी येशील ना? म्हणाली, "पाहू." मन्यारीण ‘पाहू’ म्हणते तेव्हा त्याचा अर्थ काय, ते उधार मागणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत आहे.

आज मंगळवार. ती आली नाही.

रविकांत सकाळी येऊन गेला. कार्ड टेबलावर ठेवून म्हणाला, "आत्या, आमी तिच्यासाठी एवढं केलं, अन् असं?" डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. त्याला काय सांगू? त्याला चहा पाजला.

म्हणून हे काम तुझ्याकडे देते. टोमणा नाही मारत, माणिक; ‘आमचा राग तुमच्यावर नाही’ हे ऐकणं काय असतं, ते आपल्या घरात तुझ्याइतकं जवळून कोणाला माहीत असेल असं मला वाटत नाही. हलिमाचा नंबर या पानाच्या मागे लिहिला आहे. इथल्या सकाळी नऊच्या आत फोन कर, तुझ्याकडे पहाट असेल तरी; नंतर ती धनजच्या फेऱ्याला निघते. तो अजून चालू आहे. माइक नाही, रविकांत नाही, मी नाही. काय बोलायचं ते मी तुला लिहून देणार नाही, मागच्या वेळी लिहून दिलं त्याचं काय झालं ते पाहिलंस. फक्त ती चांगली आहे असं म्हणू नकोस.

उचलेल की नाही, मला ठाऊक नाही.

सरिता